फ्रीजखाली पाणी साचतंय? ‘गॅस भरा’ म्हणण्याआधी या चुका टाळा

जूनचे पहिले चार पाऊस पडले की पुण्यात बऱ्याच घरी फ्रीजसमोर जुना टॉवेल अंथरलेला दिसतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या कोथरूडच्या घरीही तो होता. बोलावलेल्या मेकॅनिकने दार उघडलं, लावलं आणि सांगून टाकलं, “काकू, गॅस संपलाय, भरावा लागेल.” फ्रीज तर छान गार होता, बर्फही होत होता. म्हटलं, बघते. शेवटी निचऱ्याच्या भोकातून निघाली कोथिंबिरीची एक काडी!

तर पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच: पाणी गळतंय म्हणजे गॅस संपला, असं मानणं. फ्रीजमधला गॅस म्हणजे स्कूटरचं पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो, वापरून संपत नाही. नळीला कुठे छिद्र पडलं तरच जातो, आणि गेला तर फरशी ओली होत नाही, गारवा कमी होतो. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरून बाकीचा भाग कोरडा राहतो. अशी लक्षणं असतील तर मेकॅनिक बोलवाच.

फरशीवरचं पाणी येतं हवेतून. दार उघडलं की दमट हवा आत शिरते, तिच्यातली वाफ थंड भागावर गोठते. तो बर्फ वितळला की पाणी निचऱ्याच्या नळीने मागे, कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. या वाटेवर पाणी नेमकं कुठे अडलं, एवढंच शोधायचं असतं.

आधी प्लग काढा. ओल्या फरशीवर उभं राहून फ्रीज सरकवणं हा वेडेपणा आहे. फरशी कोरडी करून पुढे आणि मागे वर्तमानपत्राच्या घड्या सरकवा, मग फ्रीज चालू करून रात्रभर ठेवा. मागची घडी भिजली तर ट्रे तडकलाय किंवा जागेवरून हललाय. गणपतीआधीच्या साफसफाईत फ्रीज ओढला की हे हमखास होतं. पुढची घडी भिजली किंवा भाजीच्या ड्रॉवरखाली तळं झालं, तर निचरा तुंबलाय. शेजारच्या वॉटर फिल्टरची नळीही तपासा, फ्रीजवर उगाच आळ नको.

सिंगल डोअर फ्रीजमध्ये फ्रीझरखालचा ट्रे काढला की बहुतेक वेळा मागच्या बाजूला निचऱ्याचं भोक दिसतं. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने त्यात कोमट पाणी हळूहळू सोडा. उकळतं नको, प्लास्टिक तडकतं. तार खुपसू नका, नळी फाटते. मागच्या ट्रेमध्ये पाणी उतरल्याचा आवाज आला की जिंकलात. डबल डोअरमध्ये हे भोक फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असतं. ते पॅनेल स्वतः उघडू नका. नळीत नुसता बर्फ अडकला असेल तर फ्रीज रिकामा करून, दारं उघडी ठेवून दिवसभर बंद ठेवल्यावर वाट मोकळी होऊ शकते.

आता बर्फ. सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर यातलं काहीही फ्रीझरमध्ये घालायचं नाही. सिंगल डोअर फ्रीजमध्ये गॅसच्या वाटा फ्रीझरच्या पातळ पत्र्यातच असतात. एक टोक लागलं की ‘फुस्स’, आणि मग खरोखरच गॅस भरावा लागतो, तोही छिद्र बुजवून किंवा अख्खा फ्रीझर बदलून. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर ६००ए हा गॅस असतो, मागच्या स्टिकरवर तसं लिहिलेलं असतं. प्रमाण थोडंच असलं तरी तो पेट घेतो. तसा आवाज आलाच तर शेगडी बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका. बर्फावर मीठ टाकण्याचा सल्लाही ऐकू नका, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं ते.

बर्फाचा थर अर्ध्या सेंटीमीटरच्या पुढे गेला की काढायला हवा. सिंगल डोअरमध्ये गारवा कमी-जास्त करायच्या नॉबच्या मधलं डीफ्रॉस्टचं (बर्फ वितळवायचं) बटण एकदाच दाबायचं. बर्फ वितळला की ते आपोआप बाहेर येतं, पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. थर फारच जाड असेल तर मी गुरुवार गाठते. पुण्यात त्या दिवशी देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा मेसेज आला, की ते आयतं डीफ्रॉस्टिंग. (पाणीही त्याच दिवशी बंद असू शकतं, बादली आदल्या दिवशी भरून ठेवा.) प्लग काढायचा, फ्रीझरमध्ये दुहेरी फडक्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि दार उघडं. आइस्क्रीम आदल्या रात्रीच संपवायचं, त्याला कोणाची हरकत नसते. फ्रीज बंद केल्यावर लगेच चालू करू नका, निदान पाच मिनिटं जाऊ द्या.

‘फ्रॉस्ट फ्री’ फ्रीजमध्ये जाड बर्फ व्हायलाच नको, कारण आतला हीटर ठराविक वेळाने तो वितळवतो. पूर्ण वितळवूनही आठवड्यात बर्फ परत आला, वर फ्रीझर गार पण खाली दूध नासतंय, पंखा घरघरतोय, तर हीटर, सेन्सर किंवा टायमरचा बिघाड असू शकतो. तिथे घरगुती उपाय थांबवा.

बर्फ पुन्हा पुन्हा होतो तो बहुधा दारामुळे. दहाची नोट दारात धरून लावा. ती अलगद ओढता आली तर तिथलं रबर सैल आहे. कोमट साबणपाण्याने आणि जुन्या टूथब्रशने रबराच्या घड्या साफ केल्या तरी कित्येकदा भागतं. इडलीच्या पिठाचं पातेलं दाराला टेकत नाही ना, तेही बघा. पुढचे पाय किंचित उंच केले की दार आपणहून लागतं. आमच्याकडे तरीही फ्रीजवर पाटी आहे: ‘दार लावण्यासाठी वेगळा नोकर नाही.’

मंडईतून आणलेली ओली कोथिंबीर तशीच आत टाकणं, वाफाळती आमटी झाकणाशिवाय ठेवणं, मे महिन्यात शेवटच्या आकड्यावर नेलेला नॉब ऑगस्टमध्येही तिथेच राहणं, ही सगळी बर्फाला आमंत्रणं. खाली ४ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ पुरेसं असतं. पावसाळ्यात दाराबाहेर थेंब जमले तर घाबरू नका, गार पाण्याच्या तांब्यालाही जमतात. पुसून टाका.

राहिला मागचा ट्रे. पावसाळ्यात डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतात. म्हणून आठवड्यातून एकदा तो घासून कोरडा करा. आधी फ्रीज बंद करून अर्धा तास थांबा, कॉम्प्रेसरचा चांगलाच चटका बसतो. ट्रे स्क्रूने बसवलेला असेल तर स्पंजने पाणी टिपा आणि कडाही घासा, कारण अंडी कडेलाच चिकटलेली असतात.