ओढ्यात कयाक घालण्याआधी एक दगड मांडा

पुण्यात ऊन असतं आणि ताम्हिणीच्या माथ्यावर पाऊस कोसळत असतो. कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) घेऊन घाटातल्या ओढ्यात उतरलात, की पुढच्या खडकाळ उडीची, म्हणजे पाणी खडकांवरून खाली पडतं त्या जागेची, काठाने चालत पाहणी करून परत येईपर्यंत १५-२० मिनिटं जातात. तेवढ्यात पाणी वीतभर चढलं, तर मनात ठरवलेली वाट बदललेली असते.

उपाय फुकटातला आहे.

१. कयाक काठावर ओढली की लाट लागत नाही असा संथ कोपरा शोधा. तिथे मुठीएवढा दगड अगदी पाण्याच्या रेषेवर ठेवा, निम्मा ओला, निम्मा कोरडा. काठ सपाट असलेला बरा. पाणी दोन बोटं चढलं तरी तिथे रेषा हातभर सरकते, लगेच दिसते. उभ्या कातळावर तेवढा फरक नजरेतून निसटतो.

२. घड्याळ बघा, मग पाहणीला जा.

३. परतल्यावर आधी दगड बघा. बुडाला असेल तर कयाक खांद्यावर घ्या आणि ती उडी काठाने चालत ओलांडा. मी एकदा दगड बुडलेला बघूनही "एवढ्याने काय होतंय" म्हणत उतरलो. हेल्मेटवरचा ओरखडा अजून आहे.

पाणी गढूळ होऊन पालापाचोळा वाहत आला, तर दगड कोरडा असला तरी थांबा.

कुंडलिका नदीवर मात्र आभाळ बघून अंदाज बांधू नका. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून तिच्यात सुटतं, त्यामुळे लख्ख उन्हातही ती चढते. सोडण्याची वेळ स्थानिकांना विचारूनच उतरा.