सर्वकाळचा श्रेष्ठ ड्रायव्हर कोण? वाद घालण्याआधी या चुका टाळा

गावसकर की तेंडुलकर हा वाद आपल्याकडे किती समजुतीनं घातला जातो बघा. गावसकर हेल्मेटशिवाय खेळायचे, समोर कोण गोलंदाज होते, खेळपट्ट्या कशा असायच्या, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. तीच माणसं फॉर्म्युला वनवर बोलायला लागली की सगळं विसरतात आणि थेट आकडे फेकतात. फांजिओ, क्लार्क, सेन्ना, शूमाकर, हॅमिल्टन, व्हर्स्टॅपन, वेगवेगळ्या काळातल्या सगळ्या ड्रायव्हरांना एकाच तराजूत टाकून मोकळे. पंचवीसेक वर्षं मी या वादात बसतोय आणि त्याच त्या चुका ऐकून खरंच थकलोय.

आजचे नियम कालच्या शर्यतीला लावणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

कोल्हापूरला कार्टिंग ट्रॅकबाहेर चहाच्या टपरीवर एकदा आमचा असाच वाद रंगला होता. एक नवा मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. 1950 पासूनच्या सगळ्या हंगामांना त्यानं आजची गुणपद्धत लावली होती: पहिल्याला 25, दुसऱ्याला 18, तिसऱ्याला 15. त्या हिशेबानं 1988 चं विजेतेपद सेन्नाकडून काढून त्यानं त्याच्याच टीममधल्या प्रॉस्टला दिलं होतं. "काका, प्रॉस्टवर अन्याय झालाय. आकड्यांत स्पष्ट दिसतंय," म्हणाला. गणित त्याचं बरोबर होतं. प्रॉस्टचे एकूण गुण 105, सेन्नाचे 94, हे तर त्या काळच्या पद्धतीनंसुद्धा खरंच आहे.

मी त्याला एवढंच विचारलं, "जपानमधल्या सुझुकाच्या शर्यतीत प्रॉस्ट दुसरा आला. त्याला किती गुण मिळाले?"

"सहा."

"शून्य."

त्या वर्षी 16 शर्यती होत्या आणि त्यातले सर्वोत्तम 11 निकालच धरायचे होते. विजयाला नऊ गुण, दुसऱ्या क्रमांकाला सहा. सुझुकाला पोचेपर्यंत प्रॉस्टच्या खात्यात सहा विजय आणि सहा दुसरे क्रमांक होते, म्हणजे बारा निकाल. एक दुसरा क्रमांक आधीच गळला होता. आता आणखी एक दुसरा क्रमांक आला तरी जुन्या सहाच्या जागी नवे सहा, हाती काहीच नाही. जिंकला असता तरी नऊ मिळून सहा जायचे, फायदा फक्त तीनचा. सेन्नाचं तसं नव्हतं. त्याच्या अकरांत एक चौथा आणि एक सहावा क्रमांक होता, त्यामुळे जिंकलं की नऊ मिळून सहाव्या क्रमांकाचा एकच जायचा, थेट आठ गुणांची भर. त्या दिवशी सुरुवातीलाच त्याची गाडी बंद पडली. उतारावर घरंगळत ती कशीबशी सुरू झाली तेव्हा तो चौदावा होता. तिथून त्यानं शर्यत जिंकली आणि एक शर्यत शिल्लक असतानाच विजेतेपदही. शेवटचा हिशेब सेन्ना 90, प्रॉस्ट 87.

त्या नियमांत जिंकण्यासाठी जोखीम घेणं हेच शहाणपण होतं. नियम वेगळे असते तर दोघंही वेगळ्या पद्धतीनं गाडी चालवते. ड्रायव्हर नियम बघूनच गाडी चालवतो. निकाल तेच ठेवून गुण बदलायचे म्हणजे झालेल्या मॅचला उद्याचे नियम लावण्यासारखं आहे. त्या मुलाला राग आला, कारण तक्ता बनवायला त्याला दोन रात्री लागल्या होत्या. मला वाईट वाटलं, पण त्यातली एक रात्र त्यानं त्या वर्षीचा नियम वाचण्यात घालवली असती तर उरलेली मेहनत वाचली असती. घाई नडते ती इथेच.

माझी सवय साधी आहे. एका हंगामाला वहीचं एक पान. वरती त्या वर्षीचे नियम: किती निकाल धरायचे, सर्वात वेगवान फेरीला गुण होता का, गाडी मध्येच दुसऱ्याला देता येत होती का. ते लिहून झाल्याशिवाय खाली एकही नाव लिहीत नाही.

शेवटचा मुद्दा नव्या लोकांना खोटा वाटतो, पण पन्नासच्या दशकात तसा नियम होता. फांजिओच्या 24 विजयांपैकी दोन सहकाऱ्याबरोबर वाटलेले आहेत, 1951 मध्ये फ्रान्सला फाजिओलीबरोबर आणि 1956 मध्ये अर्जेंटिनात मुस्सोबरोबर. त्याच वर्षी इटलीत मोंझाला सहकारी पीटर कॉलिन्सनं पिटमध्ये (शर्यतीत गाडी थांबवायची जागा) स्वतःची गाडी फांजिओला दिली. कॉलिन्सलाही त्या दिवशी विजेतेपदाची संधी होती.

नुसते विजय आणि विजेतेपदं मोजणं

फांजिओनं कारकिर्दीत 51 शर्यती केल्या. 2024 च्या एका हंगामात 24 होत्या. म्हणजे त्याची अख्खी कारकीर्द आजच्या दोन-सव्वादोन हंगामांत बसते. तरी हॅमिल्टनचे शंभरावर विजय आणि फांजिओचे 24 असं शेजारी लिहून लोक निकाल देतात. टक्केवारी काढली की तेच लोक दुसऱ्या टोकाला जातात, कारण फांजिओ 47 टक्क्यांवर जातो. दोन्ही घाईच.

विजेतेपदांचंही तेच. 1958 ला स्टर्लिंग मॉसनं चार शर्यती जिंकल्या, माइक हॉथॉर्ननं एक. विजेता हॉथॉर्न, 42 विरुद्ध 41 गुणांनी. त्यातही पोर्तोच्या शर्यतीनंतर हॉथॉर्न बाद व्हायच्या बेतात होता. गिरकी घेतल्यावर त्यानं गाडी उलट्या दिशेनं नेली, असा आक्षेप होता. त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला गेला खुद्द मॉस. हॉथॉर्नचा दुसरा क्रमांक टिकला आणि मॉसचं विजेतेपद एका गुणानं गेलं. पुढे ते त्याला कधीच मिळालं नाही. त्याच्या नावापुढे शून्य आहे म्हणून यादीतून नाव खोडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, उठून जातो.

मोजायचंच असेल तर आधी त्याच टीममधल्या सहकाऱ्याशी तुलना करा. गाडी तीच, इंजिन तेच, दिवस तोच. तिथंही दुसऱ्या ड्रायव्हरला मागे राहायचा हुकूम होता का ते बघावंच लागतं.

'जुन्या काळी इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं'

कोणत्या जुन्या काळी? 1993 च्या इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या शर्यतीतली सेन्नाची पहिली फेरी दाखवून हे वाक्य टाकलं जातं. पावसात तो पाचव्या क्रमांकावर गेला आणि फेरी संपायच्या आत सगळ्यांना मागे टाकून पुढे आला. फेरी अप्रतिमच आहे. पण त्या वर्षीच्या मॅक्लारेनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) होतं आणि अॅक्टिव्ह सस्पेन्शनही (गाडीचा तोल संगणकानं सांभाळणारं). ही सगळी मदत बंद झाली 1994 ला. आणि कृपा करून दीड मिनिटाचा व्हिडिओ बघून मत बनवू नका, पूर्ण शर्यत बघा.

फेरीच्या वेळांची तुलना. नाव तेच म्हणून ट्रॅक तोच नसतो. बेल्जियममधला स्पा पूर्वी 14 किलोमीटरचा होता, आज सातचा आहे.

जर-तर. क्लार्क 32 व्या वर्षी गेला, सेन्ना 34 व्या. ते जगले असते तर किती जिंकले असते, हे हळहळीनं बोलावं, तक्त्यात मांडू नये.

'तेव्हा स्पर्धाच नव्हती.' असं म्हणणाऱ्यानं 1957 ची जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगची शर्यत वाचावी. 22.8 किलोमीटरची एक फेरी, फांजिओचं वय 46. पिटमध्ये वेळ गेला आणि हॉथॉर्न-कॉलिन्सच्या फेरारी पाऊण मिनिटाहून पुढे गेल्या. त्यानं पाठलाग केला आणि 9 मिनिटं 17.4 सेकंदांची फेरी काढली. स्वतःच्याच पोलच्या (पहिली जागा मिळवून देणाऱ्या पात्रता फेरीच्या) वेळेपेक्षा आठ सेकंद कमी. शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही मागे टाकलं आणि 3.6 सेकंदांनी जिंकला. तो त्याचा शेवटचा विजय.

आता माझं मत विचाराल तर जिम क्लार्क. त्याच्या नावावर दोनच विजेतेपदं आहेत, पण माझ्या वहीत त्याची पानं सगळ्यात जास्त वेळा उघडलेली आहेत. 1962 ला दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनच्या शेवटच्या शर्यतीत तो पुढे होता, इंजिनातून तेल गळालं, विजेतेपद ग्रॅहम हिलला. 1964 ला मेक्सिकोत शेवटच्या शर्यतीत पुन्हा तो पुढे, शर्यत संपत आलेली, पुन्हा तेलच, विजेतेपद सर्टीझला. 1965 ला अमेरिकेतल्या इंडियानापोलिस 500 शर्यतीसाठी त्यानं मोनाकोची शर्यत सोडली, इंडियानापोलिस जिंकली, आणि जर्मनीपर्यंत ज्या सहा ग्रांप्री शर्यतींत तो उतरला त्या सहाही जिंकल्या. त्या वर्षी सर्वोत्तम सहाच निकाल धरायचे होते. 54 पैकी 54 गुण, आणि ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी विजेतेपद पक्कं.