एफएमजीईचे पहिले शंभर मार्क: उजळणी कशी करायची

एफएमजीई म्हणजे परदेशात एमबीबीएस केलेल्यांना इथं डॉक्टरकी करण्याआधी पास व्हावी लागते ती परीक्षा. बाहेरनं एमबीबीएस करून कोल्हापुरात परत आलेल्या पोरापोरींचे मला सारखे मेसेज येतात, ताई सगळं वाचून झालंय पण प्रश्न समोर आला की डोकं कोरं पडतंय, उजळणी करू तरी कशी. मी त्याच वाटेनं गेलेय. पहिल्या खेपेला १४१ मार्क, म्हणजे नऊ मार्कांनी राहिले, आणि ते नऊ मार्क कुठं गेले हे नंतर शोधत बसले तेव्हा कळलं की मेडिसिन सर्जरी बरं गेलं होतं, गळती होती फर्स्ट आणि सेकंड इयरच्या विषयांत. म्हणून हे फक्त त्या विषयांबद्दल लिहितेय.

आधी हिशोब नीट बघा. पेपर ३०० प्रश्नांचा, १५० चे दोन भाग, पास व्हायला १५० लागतात आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. या ३०० तले १०० प्रश्न प्री आणि पॅरा क्लिनिकलचे आहेत. अॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा प्रत्येकी १३, फॉरेन्सिक १०. जनरल मेडिसिनला ३३ आणि जनरल सर्जरीला ३२ आहेत, आणि आपण सहा महिन्यांतले चार महिने त्या दोघांवरच घालवतो. "फर्स्ट इयरचं काय, शेवटी बघू की" असं म्हणून ठेवलेलं शेवटी कधीच बघितलं जात नाही, हे मी स्वतः केलंय आणि रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या अख्ख्या ग्रुपनं केलंय.

आता पद्धत. नोट्स परत परत वाचणं बंद करा. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे, मी हायलायटरनं पिवळी केलेली पानं डोळ्यांपुढं दिसायची पण त्यावर लिहिलेलं काय होतं ते आठवायचं नाही. त्यापेक्षा टॉपिक एकदा वाचा, वही मिटा, कोरा कागद घ्या (पाठकोरे कागद घरात ढिगानं असतात) आणि जे आठवतंय ते सगळं निळ्या पेनानं लिहून काढा. मग वही उघडा आणि जे राहिलं तेवढंच लाल पेनानं भरा. दुसऱ्या दिवशी फक्त लाल बघायचं. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद, मग सातव्या, मग एकविसाव्या. पहिले आठ दिवस लई जड जातं, कागदावर लालच लाल दिसतं आणि रडू येतं, पण तेच लाल कमी होत जातं ना तेव्हा कळतं की खरंच बसलंय डोक्यात.

दुसरी गोष्ट, विषयाप्रमाणे कप्पे करून लक्षात ठेवू नका, एक केस धरा आणि तिच्याभोवती सगळे विषय गोळा करा. बिंदू चौकात जसे चारी बाजूंचे रस्ते येऊन मिळतात तसं. माझा चौक होता फवारणीच्या औषधाची विषबाधा, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस. आपल्याकडं शेती असलेल्या बऱ्याच घरांत असलं औषध असतं त्यामुळं वेगळं चित्र डोळ्यांपुढं आणावं लागत नाही. आई मेथी निवडत बसली होती आणि मी तिला मराठीतच सांगत होते, की आपल्या नसा अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडतात, काम झालं की कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम ते तोडून टाकतं, हे औषध त्या एन्झाइमलाच धरून बसतं, मग अॅसिटिलकोलिन साचत जातं. ते दोन प्रकारच्या रिसेप्टरवर काम करतं, मस्कॅरिनिक आणि निकोटिनिक. साचलं की तोंडाला लाळ, छातीत पाणी, घाम, जुलाब, नाडी मंद, डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी, हे झालं मस्कॅरिनिक. स्नायू फडफडतात, मग गळून जातात, श्वासाचे स्नायूसुद्धा, हे निकोटिनिक. अॅट्रोपिन फक्त मस्कॅरिनिक बाजू अडवतं, म्हणून लाळ आणि छाती सुधारते पण स्नायूंची ताकद त्यानं येत नाही. त्यासाठी प्रॅलिडॉक्झाइम, जे एन्झाइम सोडवून घेतं, पण ते एजिंग व्हायच्या, म्हणजे औषध एन्झाइमला कायमचं चिकटायच्या आत द्यायला लागतं. आणि अॅट्रोपिन किती द्यायचं तर छाती मोकळी होईपर्यंत, बाहुलीकडं बघून ठरवायचं नाही, हा प्रश्न फिरून फिरून येतो.

आई ऐकून घेत होती आणि मधेच म्हणाली, "मग धोतऱ्याचं कसं गं? आमच्या गावाकडं एका पोरानं बिया खाल्ल्या तर त्याचं उलटंच झालं, तोंड कोरडं ठणठणीत, अंग तापलेलं आणि नुसता बडबडत होता." मी मेथीची जुडी हातातच घेऊन बसले. धोतरा म्हणजे तेच मस्कॅरिनिक रिसेप्टर बंद करणारं झाड, महादेवाला वाहतो ते. बाहुली मोठी, नाडी जलद, लघवी अडकलेली, सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं, आणि उतारा फायसोस्टिग्मिन, जे कोलिनएस्टरेज अडवतं. त्यातच पुढं नागाचा दंश जोडा, त्याचं विष स्नायूवरचे निकोटिनिक रिसेप्टर अडवतं म्हणून अँटिव्हेनमसोबत निओस्टिग्मिन (हेही कोलिनएस्टरेज अडवतं) देतात, आणि सोबत अॅट्रोपिन का देतात हे आता तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही. मण्यार नसेच्या टोकावर आधीच मारते म्हणून तिथं निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग होत नाही. घोणस आणि फुरसं रक्त गोठू देत नाहीत, त्यासाठी काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायची टेस्ट. एका दुपारी फिजिओ, बायोकेम, फार्मा आणि फॉरेन्सिक चारही झाले. त्या दिवसापासून मी रोज एक टॉपिक आईला सांगायला लागले, कारण मेडिकलचा गंध नसलेला माणूस जिथं "पण का?" विचारतो तिथंच आपलं कच्चं असतं.

अॅनाटॉमीला स्वतःचा हात वापरा, कुठली नस गेली की हात कसा दिसतो ते करून बघा. मनगट खाली पाडा, रेडियल. करंगळी आणि अनामिका वाकवून पंजा करा, अल्नार. अंगठा तळव्याच्या रेषेत चिकटवा, मीडियन. खांद्यापाशी हाताच्या नसांच्या जाळ्याचं वरचं मूळ तुटलं तर एर्ब, सी५ सी६, खालचं तुटलं तर क्लुम्पके, सी८ टी१. हात करून दाखवला की विसरत नाही.

मायक्रोला २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर चिखलात उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल, पुढं कावीळ आणि किडनी, तर लेप्टोस्पायरा नावाचा जंतू, उंदराच्या मुतातनं येतो, खात्रीची टेस्ट मॅट (मायक्रोस्कोपिक अॅग्लुटिनेशन टेस्ट), औषध डॉक्सीसायक्लिन, फार गंभीर असेल तर पेनिसिलिन.

बायोकेमिस्ट्रीत मात्र थोडं घोकावंच लागतं, त्याला इलाज नाही. वेग ठरवणारं एन्झाइम कुठलं, तर ग्लायकोलिसिसला पीएफके-१, कोलेस्टेरॉलला एचएमजी कोए रिडक्टेज, युरिया सायकलला सीपीएस-१. कुठल्या आजारात कुठलं एन्झाइम नसतं, तर फॉन गिर्के म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज, मॅकआर्डल म्हणजे स्नायूतलं फॉस्फोरिलेज. सिकल सेलला हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामेट जाऊन व्हॅलिन. हे मी चिठ्ठ्यांवर लिहून स्वयंपाकघरात फ्रिजला लावलेलं, दर आठवड्याला चिठ्ठ्या बदलायच्या.

फॉरेन्सिकबद्दल एक महत्त्वाचं, सीनियरच्या जुन्या नोट्स डोळे झाकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे नंबर बदलले. निष्काळजीपणानं मृत्यू ३०४ए होता तो आता १०६, खून ३०२ चा १०३, हुंडाबळी ३०४बी चा ८०, पोलिसांचा इन्क्वेस्ट (संशयास्पद मृत्यूची चौकशी) सीआरपीसी १७४ चा आता नागरिक सुरक्षा संहितेत १९४. जुना आणि नवा शेजारी शेजारी लिहून ठेवा.

प्रश्न सोडवायला सिलॅबस संपायची वाट बघू नका, टॉपिक झाला की त्याच दिवशी ३० सोडवा. चुकला की उत्तर वाचून पुढं जाऊ नका, एका वहीत लिहा का चुकला, माहीतच नव्हतं, का माहीत असून गोंधळ झाला, का प्रश्न घाईत वाचला. माझ्या वहीत सगळ्यात जास्त गोंधळवाले होते, एर्ब का क्लुम्पके, नाग का मण्यार असले, आणि अशा जोड्यांचं एक वेगळं पान करून मी ते रोज सकाळी चहासोबत बघायचे.

शेवटच्या आठ दिवसांत नवीन काही उघडू नका. लाल पेनाचे कागद, चुकांची वही, जोड्यांचं पान, फ्रिजवरच्या चिठ्ठ्या, बास. आदल्या रात्री झोप घ्या, सेंटर बाहेरगावी असेल तर आदल्या दिवशीच जाऊन राहा, आणि पेपरात एका प्रश्नाला साधारण एक मिनिट धरा, अडलात तर मार्क करून पुढं सरका आणि वेळ संपायच्या आत राहिलेल्या प्रत्येक प्रश्नाला काही ना काही टिक करूनच उठा.