शोकेसमधे आपली माणसं दिसली पाहिजेत, ती कशी दाखवायची

साडीचं दुकान असेल तर शोकेस लावायच्या आधी एकदा बाहेर रस्त्यावर उभं राहून बघा, तुमच्या दारावरून रोज जाणाऱ्या बायका त्या काचेत कुठे दिसतात का. सगळे पुतळे गोरेपान आणि बारीक असले की गिऱ्हाईक आत यायला बिचकतं, हे दुकान आपल्यासाठी नाही असंच वाटतं त्यांना. सावळे पुतळे मागवा, एक तरी भरल्या अंगाचा ठेवा.

नऊवारी दाखवायची तर पाय सुटे असलेला पुतळा घ्या, नाहीतर कासोटा बसत नाही आणि मग पोरं पिना मारून कसंतरी गुंडाळून ठेवतात. जवळपास रोज नऊवारी नेसणाऱ्या आजी असतील तर त्यांनाच बोलवा, त्यांच्याकडून नेसवून घ्या आणि त्याचे पैसे द्या, कोळी नेसण वेगळी, ब्राह्मणी वेगळी, हे त्या लगेच सांगतात.

सणांचं म्हणाल तर संक्रांतीला काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, हे सगळेच करतात. पाडव्याची गुढी मात्र त्याच दिवशी उभारून संध्याकाळी उतरवायची असते, म्हणून आठवडाभर आधी नुसतं चित्र लावा, खरी गुढी पाडव्यालाच. आणि एप्रिलमधे १४ तारखेला भीमजयंती असते, पांढऱ्या साड्या, निळे काठ घेणाऱ्या कितीतरी बायका दुकानात येतात पण शोकेसमधे त्यांच्यासाठी काहीच नसतं, मला हे फार खटकतं. ईदचंही तसंच.

आता वारली चित्रांचं. लग्नघरात भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने देवचौक, म्हणजे लग्नाचा पवित्र चौकोन, काढतात, त्यात पालघाट देवी असते, आणि आपण तेच नेटवरून उचलून स्टिकर छापतो, पायपुसण्यावर सुद्धा. असं अजिबात करू नका. जिव्या सोमा मशे यांना २०११ मधे पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी, आणि डहाणू, जव्हारकडे आजही भरपूर चित्रकार आहेत, त्यातल्या एखाद्याला बोलवून भिंत रंगवून घ्या, ठरलेले पैसे द्या, खाली त्यांचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, काय काढायचं काय नाही तेही त्यांनाच ठरवू द्या.

प्रत्येक साडीजवळ मराठीत चिठ्ठी लावा, येवल्याची हातमागाची पैठणी की यंत्रमागाची सेमी ते स्पष्ट लिहा, इरकल कर्नाटकातल्या इलकलची असेल तर तसंच लिहा. शेवटी पडदा उघडायच्या आधी काउंटरवरच्या मुलींना दाखवा, कोणी म्हणालं की हे आमच्यात असं नसतं, तर तेवढं लगेच बदला.