मोठेपणी झोपेत लघवी होते? सुरुवात कुठून करायची ते बघा

मोठ्या माणसांमधे शंभरात एक-दोघांना हा त्रास असतो, फक्त लाजेपायी कोणी बोलत नाही आणि डॉक्टरकडे तर जातच नाही.

आधी हे ठरवा की लहानपणापासून कधी थांबलंच नाही, की मधली कित्येक वर्षं सगळं ठीक होतं आणि आता परत सुरू झालं. परत सुरू झालं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, मागे युरिन इन्फेक्शन, शुगर, प्रोस्टेट, झोपेची किंवा मानसिक आजाराची एखादी गोळी असं काहीही निघू शकतं (गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका). जोरात घोरत असाल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडकतो तेव्हा शरीर रात्री लघवी जास्त बनवतं आणि अशा लोकांना सीपॅप मशीननेच (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) बराच फरक पडतो. पोट साफ होत नसेल तर तेही, कारण भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं.

युरोलॉजिस्टकडे (मूत्रविकारांचे डॉक्टर) जायच्या आधी ३ दिवस डायरी ठेवा. मापाचा कप घ्या, प्रत्येक वेळी लघवी किती एमएल झाली, किती वाजता, काय प्यायलात, रात्री कधी ओलं झालं, सगळं लिहा. कंटाळवाणं आहे पण निम्मं निदान इथेच होतं, रात्रीचीच लघवी खूप आहे की मूत्राशयात थोडीच मावते ते आकड्यांत दिसतं. बाकी लघवीची तपासणी, शुगर, सोनोग्राफी.

रात्री जास्त बनत असेल तर डेस्मोप्रेसिन देतात, त्याने रात्री लघवी कमी बनते. ही गोळी घेण्याआधी १ तास आणि नंतर ८ तास पाणी अगदी कमी, नाहीतर रक्तातलं सोडियम घसरून फिट येऊ शकते, म्हणून सोडियम तपासत राहतात, वयस्कर लोकांत तर जास्तच. मूत्राशय लगेच आवळत असेल तर ते सैल ठेवणाऱ्या सोलिफेनॅसिन किंवा मिराबेग्रॉन या गोळ्या, त्यानेही नाही जमलं तर मूत्राशयात बोटॉक्स इंजेक्शन. ओलं झालं की वाजणारा अलार्म मोठ्यांनाही चालतो, पण २-३ महिने नेटाने लावावा लागतो.

दिवसभर पाणी तोडू नका हो! दिवसा नीट प्या, संध्याकाळनंतर कमी करा, चहा-कॉफी आणि दारू रात्री नकोच. तोवर गादीवर वॉटरप्रूफ कव्हर टाका.

लघवीत रक्त, लघवी अडकणं, किंवा पाय आणि जांघेत बधीरपणा असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.