विसरण्याचा वेग घरी कसा मोजाल?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने स्वतःवरच केलेले स्मृतीचे प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. तो प्रयोग कागद-घड्याळावर जमतो.

‘ठेफ’, ‘झुग’ असे १३ निरर्थक शब्द लिहा. ‘ठेच’सारखा अर्थाचा शब्द घुसला तर तो लगेच पाठ होतो आणि हिशेब बिघडतो. एकाच लयीत वाचत राहा. न बघता बिनचूक म्हणता आलं की लागलेला वेळ टिपा, समजा ३०० सेकंद. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच यादी पुन्हा पाठ करा. आता २०० लागले? कमी लागलेले १०० सेकंद भागिले ३००, म्हणजे ३३ टक्के बचत; बचत जितकी कमी, तितकं जास्त विसरलात. एबिंगहाउसची एका दिवसानंतर सुमारे ३४, तासाभरानंतर ४४ होती.

मधल्या वेळात मनात उजळणी मात्र नको, बचत फुगते. पुढच्या खेपेला नवी यादी घ्या.