लॅमिनेटेड धनुष्याचा गोंद: सांधा सुटत नाही, सरकतो

माझ्या पडवीत खुंटीला एक धनुष्य टांगलेलं आहे. लॅमिनेटेड, म्हणजे पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेलं: माणग्याच्या बांबूची पाठ (नेमाकडची बाजू), धामणीचं पोट (आपल्याकडची बाजू), सागाची मूठ. मी बनवलेलं हे तिसरं. पट्ट्या साच्यावर चिकटवताना दोन्ही टोकांना पुढच्या अंगाला ४ सेंटिमीटर बाक दिला होता आणि साच्यातून काढलं तेव्हा तो जसाच्या तसा होता. रोज संध्याकाळी तासभर बाण सोडायचो. कधीकधी दोरी रात्रभर चढवलेलीच राहायची. दीड महिन्यात बाक जवळजवळ गेला. वाटलं, लाकूड थकलं. मग एकदा टोकाशी बोट फिरवलं तर बांबू आणि धामणीच्या मध्ये नखाला अडेल एवढी पायरी लागली, चिकटवून तासल्यावर जिथे गुळगुळीत होतं तिथेच. सांधा कुठेही उघडला नव्हता, तडा नव्हता. गोंदाने दोन्ही पट्ट्या धरून ठेवल्या होत्या, पण धरता धरता एकमेकींवरून सरकू दिल्या होत्या.

तो गोंद म्हणजे फर्निचरला सगळे सुतार लावतात तो पांढरा. मी दुकानात विचारलं होतं, "सर्वांत मजबूत कुठला?" नवीन येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, आणि हा प्रश्नच चुकीचा आहे हे मला सांगायचंय.

थोडा हिशेब बघा. ४० पौंडी धनुष्य, म्हणजे पूर्ण ताणायला ४० पौंड जोर लागणारं. बाहू, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग, ३० मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड. पूर्ण ताणल्यावर सांध्यातून पट्ट्यांना एकमेकींवर सरकवू पाहणारा ताण बाहूच्या मधल्या भागात दर चौरस मिलिमीटरला १ न्यूटनच्या आत असतो. टोकाकडे बाहू निमुळता होतो तिथे तो दोन-अडीचपर्यंत जातो. आता युरोपात लाकडाच्या गोंदांना डी १ ते डी ४ असे वर्ग देतात. त्यातल्या सगळ्यांत खालच्या डी १ लासुद्धा कोरड्या सांध्यात १० न्यूटन द्यावेच लागतात, आणि डी ४ ला कोरड्यात तेवढेच. फरक आहे तो पाण्यात भिजल्यावर किती उरतात याचा. म्हणजे कोरड्या ताकदीला कुठलाही बरा गोंद धनुष्याला पुरून उरतो. धनुष्य सुटतं किंवा मरतं ते वेगळ्या कारणांनी: सतत ताणाखाली गोंद हळूहळू वाहतो, उन्हात मऊ पडतो, पावसाळ्यात लाकूड फुगून सांध्याला आडवं ओढतं, नाहीतर मुळात पट्ट्याच एकमेकींना नीट टेकलेल्या नसतात.

पांढरा गोंद सुकला तरी आतून प्लास्टिकच असतो. खुर्चीला ते चालतं, कारण तिथे एकमेकांत बसवलेले खाचेचे सांधे भार घेतात. धनुष्यात, त्यातही साच्यावर बाक देऊन चिकटवलेल्या धनुष्यात, सांधा दिवसरात्र ताणात असतो. दोरी उतरवली तरी पट्ट्यांना सरळ व्हायचंच असतं आणि त्यांना फक्त गोंद अडवतो. टाइटबाँड ३ सारखा पाणी सोसणारा गोंद याच कुळातला, पण बराच कडक. अमेरिकेत सरळ धनुष्याला बांबूची किंवा हिकरी या तिकडच्या लाकडाची पाठ लावायला तो पुष्कळ जण वापरतात आणि त्यांची धनुष्यं टिकतातही. पण बांधकामासारख्या भार घेणाऱ्या जागी वापरू नका असं त्याचे उत्पादक स्वतःच सांगतात. सरळ धनुष्य, ३०-३५ पौंड, बाक अजिबात नाही, अशा पहिल्या प्रयोगाला तो घ्यायला माझी हरकत नाही. साच्यावर बाक देणार असाल तर घेऊ नका.

कोणाचं ऐकून ठरवण्यापेक्षा एक सोपी चाचणी करा. मी प्रत्येक नवीन गोंदाला ती लावतो. त्याच लाकडाच्या ३ मिलिमीटर जाडीच्या, हातभर लांबीच्या दोन पट्ट्या वाकड्या साच्यावर चिकटवायच्या. पूर्ण घट्ट झाल्यावर बाहेर काढून त्यांची वाकडी कड कागदावर पेन्सिलीने उतरवायची. मग पट्टी पत्र्याच्या छपराखाली, जिथे दुपारी हात लावला तर चटका बसतो तिथे, महिनाभर ठेवायची आणि पुन्हा त्याच रेषेवर ठेवून बघायची. थोडीशी सगळ्याच उलगडतात. पांढऱ्या गोंदाची माझी पट्टी इतकी उलगडली की रेषेशी तिचा काही संबंध उरला नव्हता. इपॉक्सीची, म्हणजे राळ आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाची, रेषेला चिकटून होती.

म्हणून सध्या मी इपॉक्सीच वापरतो. पाच मिनिटांत घट्ट होणारा नाही, तो विसरा. तो ठिसूळ असतो आणि उष्णतेला लवकर नमतो. माझ्या एका धनुष्याच्या टोकाची चकती मी त्याने चिकटवली होती आणि धनुष्य मे महिन्यात बंद गाडीत राहिलं. संध्याकाळी चकती हातात आली. हवाय तो २४ तासांचा, सावकाश घट्ट होणारा. अमेरिकेतले धनुष्यकार वर्षानुवर्षं स्मूथ-ऑन कंपनीचा ईए-४० वापरत आलेत. आपल्याकडे सहज मिळतो तो अराल्डाइट, आणि औद्योगिक दुकानांत त्याचीच एडब्ल्यू १०६ (राळ) व एचव्ही ९५३ (हार्डनर) ही जोडी. मापाने दोन्ही समान, वजनाने १०० ला ८०. मी वजनच करतो, ग्रॅमचा दशांश दाखवणाऱ्या काट्यावर. लवकर घट्ट व्हावा म्हणून हार्डनर जास्त घालू नका. इथे हार्डनर म्हणजे नुसती चालना देणारं औषध नव्हे, तो मिश्रणाचा अर्धा भाग आहे. जास्त झालेला तसाच न जुळलेला आत राहतो आणि सांधा कायमचा मऊ पडतो.

अराल्डाइट हे नाव इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या डक्सफर्डच्या एअरो रिसर्च लिमिटेडच्या आद्याक्षरांवरून आलं. नॉर्मन डी ब्रुइन यांच्या याच कंपनीने त्याआधी, १९३० च्या दशकात, लाकडी विमानांसाठी युरिया-फॉर्माल्डिहाइडचा एअरोलाइट काढला होता. दुसऱ्या महायुद्धातली मॉस्किटो विमानं लाकडाची होती. सुरुवातीला त्यांना दुधातल्या केसीनचा गोंद होता, आणि दमट प्रदेशांत तो भरवशाचा नाही म्हणून फॉर्माल्डिहाइडच्या गोंदांकडे वळावं लागलं. कोकणात पावसाळ्यात सांधे चिकटवणाऱ्याला ही हकीकत जवळची वाटावी.

युरिया-फॉर्माल्डिहाइडची पूड धनुष्याला उत्तमच. घट्ट झाल्यावर काचेसारखी कडक होते, जराही सरकत नाही. इंग्लंडमध्ये लाँगबो, म्हणजे तिकडची लांब सरळ धनुष्यं, बनवणारे ती आजही वापरतात. मला मात्र आमच्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत ती लहान डब्यात कधी मिळाली नाही. रिसॉर्सिनॉलचा गोंद सगळ्यांत टिकाऊ, पण त्याची जांभळट-काळी रेघ दिसते, दाब जबर लागतो आणि सांध्यात फट चालत नाही. पहिल्या वर्षात त्याच्या वाटेला जाऊ नका.

सरसाबद्दल, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच्या गोंदाबद्दल, नेहमी विचारणा होते. तुर्की आणि आपल्याकडची मोगलकालीन शिंगाची धनुष्यं सरसानेच जोडलेली होती आणि ती अप्रतिम होती. पण सरस दमट हवेत पाणी ओढतो आणि मऊ होतो. कोरड्या प्रदेशात, हाताशी वेळ असेल तर जरूर शिका. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येणाऱ्या घरात त्याच्या भरवशावर ताणलेलं धनुष्य चेहऱ्यासमोर धरू नका.

आता लाकडाकडे, कारण गोंदाच्या नावावर टाकलेले निम्मे दोष लाकडाचे असतात. पावसाळ्यात उघड्या पडवीतल्या पट्टीत १६-१८ टक्के पाणी सहज असतं. आपल्याला ८ ते १२ हवं. मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला काटा चालतो. पट्टीचं वजन करून तिच्यावरच पेन्सिलीने लिहा, तारखेसकट. पट्ट्या गरम, कोरड्या जागी ठेवा आणि दर दोन दिवसांनी वजन करा. वजन उतरायचं थांबलं की पट्टी तयार. मी प्लायवूडची सहा फुटी पेटी केली आहे. आत दोन बल्ब आणि अंडी उबवण्याच्या यंत्राला लावतात तसला स्वस्त थर्मोस्टॅट. ४० अंशांवर लाकूड सुकवायला आणि नंतर ६० अंशांवर चार-पाच तास इपॉक्सी पक्का करायला तीच कामाला येते. हे पक्कं करणं टाळू नका. नुसत्या खोलीच्या हवेत घट्ट झालेला इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, आणि उन्हात उभी गाडी तेवढी तापतेच. पेटीतून काढल्यावर मात्र धनुष्य आठवडाभर तसंच ठेवा. फार कोरडं लाकूड वाकवलं तर मोडतं.

चिकटवायची बाजू रंध्याने सपाट केल्यावर दोन पट्ट्या हातात एकत्र धरा आणि खिडकीसमोर बघा. उजेडाची रेघ दिसली तर परत रंधा. क्लॅम्पने दाबून फट बुजेल असं समजू नका, तो दाब सांध्यात साठून राहतो. बांबूची फक्त आतली बाजू चिकटवायची. बाहेरच्या चकचकीत सालीवर कुठलाच गोंद बसत नाही, आणि तिला तासायचंही नसतं, सगळा ताण तीच घेते. सपाट झाल्यावर ८० नंबरचा काचकागद लांबीच्या दिशेने ओढा, धूळ ब्रशने काढा आणि त्यानंतर बोट लावू नका. मुठीच्या सागाला एक पायरी जास्त: पांढरं फडकं अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून पुसत राहायचं, फडक्यावर पिवळट डाग यायचा थांबेपर्यंत, आणि त्याच तासात चिकटवायचं. सागाचं तेल पुन्हा वर येतं.

इपॉक्सी दोन्ही बाजूंना लावा. क्लॅम्प जीव खाऊन आवळला तर सगळं मिश्रण बाहेर पडतं आणि सांधा उपाशी राहतो. मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून मुठीपासून टोकापर्यंत गुंडाळतो. दाब सगळीकडे सारखा बसतो आणि वाकड्या साच्यावर क्लॅम्प घसरायची भीती नसते. साच्याला आधी पॅकिंगची चिकटपट्टी लावा, नाहीतर धनुष्य साच्यालाच चिकटेल. हातमोजे घालाच. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा झाली की जात नाही, आणि माझ्या ओळखीच्या एका चांगल्या कारागिराला हे काम त्यापायी सोडावं लागलं.

वाटीत उरलेलं मिश्रण फेकू नका. साच्याशेजारीच, त्याच हवेत ठेवा. सोबत त्याच पट्ट्यांचे वीतभर तुकडेही चिकटवून ठेवा. दुसऱ्या दिवशी ट्यूब सोडण्याआधी वाटीत नख रोवून बघा. खूण उठली तर अजून एक दिवस थांबा. नाही उठली तर तुकडा पटाशीने सांध्यावरच फोडा आणि फुटलेली बाजू उजेडात धरा. दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू उपटलेले दिसले तर धनुष्य पक्कं करायला पेटीत टाका. गोंदाचा गुळगुळीत, चकचकीत पापुद्रा दिसला तर त्या धनुष्याला दोरी लावू नका.